तुमच्या ताटात जेवलो

पहाटे अर्धवट झोपेत घंटागाडीचं गाणं लांबून ऐकू येतं आणि मला अजूनही वाटतं, आत्ता खिडकीतून डोकावलो तर काका फाटकाशी उभे दिसतील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, ओल्या केसांचा भांग, पायात पॉलिश केलेल्या चपला. आणि दोन्ही हात रिकामे. बाकी सगळी सोसायटी बादल्या-पिशव्या घेऊन डोळे चोळत रांगेत उभी, आणि हा माणूस लग्नाला निघाल्यासारखा तयार होऊन कचऱ्याच्या गाडीला सामोरा.

गाडीवाला खिडकीतून मान काढायचा. "काका, आज?"

"नाही हो. आजही काही नाही."

एवढं बोलून काका वळायचे आणि जिना चढून वर जायचे. रोज. मला सुरुवातीला हा माणूस अजिबात आवडला नाही, खोटं कशाला बोलू? सकाळी सकाळी आपल्या हातातली गळकी पिशवी आणि समोर यांचे ते स्वच्छ हात! एकदा मी वैतागून विचारलंच, "काका, टाकायचं काही नसतं तर खाली येता कशाला?"

"तो एवढ्या लांबून येतो," काका म्हणाले, "नाही म्हणायलासुद्धा माणूस समोर नको?"



आम्ही लातूरकडचे. मला चाकणच्या बाजूला एका कंपनीत नोकरी लागली आणि चऱ्होलीला आम्ही फ्लॅट घेतला. तेव्हा सोसायटीच्या तिन्ही बाजूंना ज्वारी होती. सकाळी धुकं असलं की आमची बिल्डिंग ज्वारीत तरंगतेय असं वाटायचं. आता त्या ज्वारीच्या जागी आमच्यासारख्याच बिल्डिंगा आहेत. पण काका आठवले की मला सगळं त्या धुक्यातलंच आठवतं. त्यामुळे कुठलं आधी आणि कुठलं नंतर, ते मला विचारू नका.

काका दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. लोखंडाच्या साच्यांवर नंबर कोरण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. काकू आम्ही राहायला यायच्या आधीच गेलेल्या. दारावरच्या पाटीवर मात्र दोघांची नावं तशीच होती, खाली 'सौ. वसुधा'. मुलगी लांब दिलेली, ती दिवाळीत यायची. तिच्या मुलांनी चॉकलेटचे कागद टाकायला घरभर डबा शोधला, तेव्हा काका त्यांना म्हणाले म्हणे, "आमच्याकडे डबा नसतो. कागद खिशात ठेवा, आपल्या घरी न्या." आजोबा असावेत तर असे!

सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात शेवग्याखाली त्यांनी ओल्या कचऱ्याचं एक पिंप ठेवलं होतं. त्याला ते 'जावईबापू' म्हणत. का, तर घरात सगळ्यांच्या आधी याला वाढायचं आणि तरी याचं तोंड वाकडंच. संध्याकाळी बायका भाजीची देठं घेऊन खाली उतरल्या की हे पिंपाशी उभे. "लिंबाची सालं नकोत हं, जावईबापूंना आंबट सोसत नाही." "आज ओलं फार झालं, थोडा वाळला पाला घाला, पोट बिघडेल त्यांचं." आणि सगळ्या बायका पदरात तोंड लपवून हसत हसत पाला घालायच्या. माझी बायकोसुद्धा मला सांगायला लागली, "अहो, तेवढं जावईबापूंना वाढून या."

दुधाच्या पिशवीवरून तर त्यांनी मला अक्षरशः शाळकरी पोरासारखं उभं केलं होतं. पिशवीचा कोपरा आपण टच्चकन कापतो आणि तो इवलासा तुकडा कुठंतरी उडून जातो ना, त्याचा त्यांना भारी राग. "कोपरा वेगळा पडता कामा नये. नुसती चीर द्यायची. लेकरू आईला धरून राहिलं पाहिजे." मी आपला हो हो म्हणून वर आलो. पण आजही कात्री हातात घेतली की हात आपोआप थांबतो. माणूस गेला, पण कात्रीवर पहारा ठेवून गेला.

पण मला सांगायचंय ते ताटांबद्दल.

सोसायटीची पहिली सत्यनारायणाची पूजा झाली तेव्हा जेवायला थर्माकोलच्या पत्रावळ्या होत्या. रात्री वारं सुटलं. सकाळी बघतो तर शेजारची ज्वारी पांढरीफेक. शेताचा मालक, म्हातारा माणूस, त्यानं त्या सगळ्या पत्रावळ्या वेचल्या, धोतराच्या सोग्यात बांधून आणल्या आणि आमच्या फाटकात ठेवून निघून गेला. शिवी नाही, शब्द नाही. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काका नंतर कितीतरी वेळा म्हणायचे.

त्याच आठवड्यात ते दारोदार फिरले. "एक ताट द्या. नवं नको. वापरातलं, चेपलेलं, कसलंही. पण तुमच्या घरातलं पाहिजे." मग पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसले आणि भांड्यांवर नावं घालायचं मशीन लावून प्रत्येक ताटावर त्या त्या घराचं नाव कोरलं. किर्रर्र असा तो आवाज दुपारभर बिल्डिंगमध्ये घुमत होता. लहान-मोठी, खोल-उथळ, सगळ्या जातीची ताटं. एकावर एक ठेवली की उतरंड वाकडी व्हायची.

आणि मग त्यांचे नियम! वरचं ताट येईल ते घ्यायचं, निवडायचं नाही. ताटात काही टाकायचं नाही. जेवल्यावर आपलं आपण घासायचं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, ज्याच्या नावाचं ताट आलं त्याच्याकडे जाऊन सांगायचं, "तुमच्या ताटात जेवलो." एवढंच. पण सांगायचं म्हणजे सांगायचंच.

चौथ्या मजल्यावरचे एकजण ठसक्यात म्हणाले, "आम्ही नाही दुसऱ्याच्या ताटात जेवत." काका शांतपणे म्हणाले, "हॉटेलात जाताना घरून ताट नेता का?" पुढच्या पूजेला त्या गृहस्थांना तिसऱ्या मजल्यावरच्या पठाण मेकॅनिकचं ताट आलं. जेवले बिचारे. नंतर नियमाप्रमाणे सांगायलाही गेले. गेले ते तासभर तिकडेच, शीरखुर्मा खाऊन आले आणि येताना स्कूटरचा क्लच दुरुस्त करायचं ठरवून आले.

माझ्या बायकोची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. लातूर सोडून आली तेव्हा ती रोज दिवेलागणीला रडायची. ओळखीचं कुणी नाही, मी शिफ्टला, दार लावून बसायची. एका पूजेच्या संध्याकाळी, ही जेवायला खाली उतरलीही नव्हती, तेव्हा बेल वाजली. समोरच्या विंगमधल्या कोकणातल्या वहिनी दारात. "तुमच्या ताटात जेवले हो मी आज," म्हणाल्या, आणि चहा होईपर्यंत बसल्या. त्या दिवसापासून हिचं रडणं थांबलं. म्हणून त्या ताटांवर आणि काकांवर तिचा फार जीव.

त्या सगळ्या ताटांत एक ताट निराळं होतं. जाड काठाचं, मध्ये जरा खोलगट. त्यावरचं नाव मशीनचं नव्हतं. जुन्या पद्धतीनं, छिन्नीनं ठोकून, ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं : 'कु. द्वारका हिस मामाकडून'. ज्याला ते यायचं तो विचारायचा, "काका, ही द्वारका कोण? कुणाला सांगायचं?"

"मला सांगा," काका म्हणायचे, "मी निरोप देतो."

भाड्यानं राहून गेलेल्या कुणाचं तरी असेल, असं धरून आम्ही सगळे चाललो होतो. मीही एकदा त्या ताटात जेवलोय. "काका, द्वारकेच्या ताटात जेवलो," असं सांगितलं तर त्यांनी विचारलं, "पोटभर?" आणि माझं उत्तर नीट ऐकून घेतलं.

मग काकांची पंचाहत्तरी आली. बायकांनी ठरवलं, काकांना कायम लक्षात राहील असं काहीतरी द्यायचं. पुढाकार आमच्या हिचा. काकांना स्वतःसाठी काही चालत नाही, नवा सदरा दिला तर जुना फाटलाय का विचारतील. मग द्यायचं काय? तर ताटं! सगळी एकसारखी, चकचकीत, जड. जुनी ताटं तशीही चेपून गेली होती, वाढताना डुगडुगायची. ती मोडीत द्यायची आणि नवी घ्यायची. वाया काहीच जाणार नाही, काकांच्या तत्त्वातही बसतं. सगळ्याजणी टेम्पो करून भोसरीच्या भांडीवाल्याकडे गेल्या, आणि एवढ्या बायका असून कुणी काकांना कळू दिलं नाही.

पार्किंगमध्येच कार्यक्रम झाला. औक्षण झालं, चादर काढली, आणि खाली नव्या ताटांची सरळसोट उतरंड. प्रत्येक ताटावर काकांचं नाव. टाळ्यांचा कडकडाट! काकांनी वरच्या ताटाच्या काठावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "जुनी?"

"मोडीत दिली, काका!" आमची ही आनंदानं म्हणाली.

काका खुर्चीवर बसले. "छान आहेत," म्हणाले, "फार छान आहेत." जेवले, स्वतःचं ताट घासलं, सगळ्यांना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली, तर फाटकाशी काका नाहीत. गाडीवाल्यानं हॉर्न दिला, थांबला, इकडे तिकडे बघितलं. "काका आजारी आहेत काय?" त्यानं मला विचारलं. तिसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा ही घाबरून वर गेली. मी मागोमाग.

काका गॅलरीत बसले होते. ही म्हणाली, "काका, आमचं काही चुकलं का?"

"नाही हो. तुम्ही मायेनं केलंत." मग त्यांनी भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे बोट केलं. "द्वारका म्हणजे ही. वसुधा हे नाव लग्नात ठेवलं. आमच्या आईनं सुचवलं आणि मी तांदळात अंगठीनं लिहिलं. ही काही बोलली नाही. नंतर एकदा सहज म्हणाली, नाव घेतलंत तर घेतलंत, हे ताट तेवढं राहू द्या. त्या नावानं मी तिला एकदाही हाक मारली नाही. सुचलंच नाही."

ही फोटोकडे बघायला लागली.

"त्याच ताटात जेवायची. मी कायम शिफ्टला, नाहीतर ओव्हरटाइमला. ती एकटीच भिंतीकडे तोंड करून जेवायची. म्हणायची, जेवताना समोर कुणीतरी पाहिजे हो. ती गेल्यावर ताट फडताळात पडून होतं. म्हटलं, इथं पुन्हा एकटीच की. म्हणून पंगतीत दिलं."

"तुम्हाला आलं का कधी ते, काका?" मी विचारलं.

"नाही. आणि नियम मीच केलेला. मीच उचलून कसं घेणार?"

ही घरी आली आणि ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडली. "माझ्या हातानं दिलं हो मोडीत. माझ्या या हातानं!" तिला समजावण्यात अर्थ नव्हता. मी गाडी काढली आणि भोसरी गाठली. भांडीवाला म्हणाला, "चेपलेली होती ती भट्टीला गेली, साहेब. धडधाकट होती ती एका खानावळवाल्या बाईंनी नेली. निघोज्याकडच्या आहेत एवढंच माहीत."

म्हणजे ते ताट एकतर वितळलं होतं, नाहीतर माझ्या कंपनीच्या आसपास कुठंतरी कुणाच्यातरी पुढ्यात होतं.

मी शोधायला लागलो. दुपारच्या सुट्टीत रोज एक खानावळ. निघोज्याच्या अलीकडे-पलीकडे खानावळी काय थोड्या आहेत! पत्र्याच्या शेडमधल्या, टपरीमागच्या, कुणाच्या ओसरीवरच्या. जेवायला बसायचं आणि सगळ्यांच्या ताटांच्या काठाकडे टकामका बघत राहायचं. लोकांना वाटे, हा बाबा दुसऱ्यांचं जेवण मोजतोय. एकजण तर म्हणाला, "भावा, भूक लागली असंल तर घे की, बघतो काय नुसता?"

काका म्हणाले होते, शोधू नका. "भट्टीला गेलं असेल तर गेलं. नसेल तर कुणीतरी जेवतंय ना त्यात? मग झालं." पण संध्याकाळी मी गाडी लावत असलो की जिन्यात उभे. "आज कुठं जेवलात?" मी सांगायचो. ते मान डोलवायचे. "आणि घरचा डबा?" तो मी चार वाजता खायचो, टाकायची सोय कुठं होती! पँटचं बटण लागेना झालं, राव. हिनं मात्र रोज तेवढ्याच भाकरी बांधल्या आणि रोज तोच प्रश्न विचारला, "दिसलं का?"

आणि एक दिवस पत्र्याच्या एका शेडमध्ये माझ्यापुढे ताट आदळलं आणि त्याच्या काठावर 'पठाण' लिहिलेलं होतं. काकांच्या मशीनचं अक्षर. माझा घास हातातच राहिला.

"मावशी," मी खानावळवाल्या बाईंना विचारलं, "यांच्यात एक ठिपक्यांचं नाव असलेलं ताट आहे का? द्वारका?"

त्या तव्यावरून मान वर न करता म्हणाल्या, "मला कुठं वाचाया येतंय, दादा? असंल. फिरत असंल पंगतीत."

गुरुवारी मला सुट्टी. काकांना म्हटलं, चला. इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होते. मागे बसून माझा खांदा धरला, तो वाटभर सोडला नाही. आळंदीला पुलावरून जाताना इंद्रायणीत पांढरा फेस तरंगत होता. एरवी ते थांबायला लावायचे, बडबडायचे, बघा म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "चला, चला." डिसेंबरचं ऊन कोवळं होतं, कंपन्यांच्या भिंती मागे मागे जात होत्या, आणि मला उगीचच वाटत होतं की आपण एखाद्या पाहुण्याला भेटायला चाललोय.

शेड भरलेली होती. निळ्या डगल्यातले कामगार, ड्रायव्हर, सगळे बाकांवर दाटीवाटीनं बसलेले. मावशींना मी येण्याचं कारण सांगितलं होतं. त्या ताटांची उतरंड उपसायला निघाल्या तसे काका घाईनं म्हणाले, "नको, शोधू नका. वरचं येईल ते द्या."

वरचं आलं ते कुणा जोश्यांचं. आमच्या सोसायटीतलंच. काका गुमान जेवायला बसले. भाकरी, वांगं, ठेचा. मी जेवत नव्हतोच, नुसता काठ बघत होतो. आणि समोरच्या बाकावरचा टेम्पोवाला, चांगला मिशाळ गडी, जेवण संपवून भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसत होता. पुसता पुसता काठ मोकळा झाला. ठिपके दिसले.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी माझ्या आधीच बघितलं होतं.

टेम्पोवाला उठला तसे काकाही उठले. "द्या इकडं."

"अहो काका, उष्टं हाय. मी टाकतो की धुवायला."

"द्या." त्यांनी ताट जवळजवळ ओढूनच घेतलं. "पोट भरलं का तुमचं?"

"भरलं की," तो गोंधळून म्हणाला आणि हात धुवायला गेला.

काकांनी मोरीवर जाऊन आधी आपलं ताट घासलं. मग ते. राखेनं, काठाच्या ठिपक्यांतून नख फिरवून. पाण्यानं विसळून शर्टाच्या टोकाला पुसलं. तो इस्त्रीचा शर्ट! मग चुलीपाशी येऊन मावशींसमोर धरलं. "अजून अर्धी भाकरी वाढाल?"

जन्मभर दुसऱ्यांदा न घेणारा माणूस. आणि ताट स्वतः निवडून घेतलेलं. काकांनी बाकाचं भिंतीकडचं टोक धरलं, भिंतीकडे तोंड केलं आणि ती अर्धी भाकरी फार सावकाश खाल्ली. मावशींना काय वाटलं कुणास ठाऊक, तवा उतरवून त्या आल्या आणि काकांच्या समोर भिंतीला टेकून बसल्या. "सावकाश जेवा, बाबा," म्हणाल्या.

जेवण झाल्यावर काकांनी ताट पुन्हा घासलं आणि उतरंडीवर ठेवलं.

"न्या की घरी," मावशी म्हणाल्या. "ताटाला काय तोटा हाय मला? तुमच्या माणसाचं हाय."

"नको. इथं तिला समोर माणसं आहेत."

मी बाहेर येऊन गाडी वळवली. काका दारापर्यंत आले आणि थांबले. मला वाटलं, चष्मा विसरले. ते परत आत गेले, उतरंडीशी वाकले, आणि सगळी शेड कलकलत असताना मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"द्वारका, तुझ्या ताटात जेवलो गं."